‘रिलीज’ कोणी करायचे?

गहाण दागिने घरी आले की आपण म्हणतो, “दागिने सोडवले.” हेच इंग्रजीत सांगताना पुष्कळ जण ‘आय रिलीज्ड माय ऑर्नमेंट्स’ असे लिहून जातात आणि तेथेच घोटाळा होतो. ‘सोडणे’ आणि ‘सोडवणे’ यांत मराठीत एका अक्षराचे अंतर. इंग्रजीत क्रियापदेच निराळी. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो, म्हणजे बँक, ‘रिलीज’ करते. पैसे भरून ती परत घेणारा खातेदार ‘रिडीम’ करतो. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात, वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत ‘रिलीज’ करण्यास सांगितले, तेथेही कर्ता बँकच.

कागद ज्याच्या हाती द्यायचे त्याच्यामागे ‘टू’ येते: ‘प्लीज रिलीज द डॉक्युमेंट्स टू माय सन’. ज्या बंधनातून सुटायचे त्याच्यामागे ‘फ्रॉम’: ‘प्लीज रिलीज मी फ्रॉम द गॅरंटी’. जामीनदाराने येथे ‘रिलीव्ह’ लिहू नये. ‘रिलीव्ह’ होतो तो बदली झालेला कर्मचारी. हा गोंधळ आम्हा बँकवाल्यांकडूनही होतो!

या वाक्यातील इवलासा ‘मी’ मात्र नीट पारखून घ्यावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३८ नुसार धनकोने एका सहजामीनदाराला मुक्त केले, तरी इतर जण मुक्त होत नाहीत. दोघांनाही सुटायचे असेल, तर विनंतीत ‘मी’ऐवजी ‘अस’ लिहून खाली दोघांनी सह्या कराव्यात.