घरच्या स्वच्छतेचीं साधनें : रिठा, राख आणि चिंच

आठवड्याच्या बाजाराला गेलेला शेतकरी परत येतांना कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण व फरशीचें औषध घेऊन येतो. हा खर्च एका वेळीं थोडा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक यांपैकीं पुष्कळसें काम बांधावरचा रिठा, चुलींतली राख आणि घरची चिंच यांनीं होण्यासारखें आहे. मात्र या तिन्ही वस्तूंचे गुणधर्म भिन्न आहेत. कोणती वस्तु कोणत्या मळावर व कां चालते, हें समजून न घेतां त्या वापरल्यास वस्तु व श्रम दोन्ही वायां जातात.

रिठा.— रिठ्याच्या टरफलांत सॅपोनिन नांवाचें फेसाळ द्रव्य असतें. त्याच्या योगानें पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी धाग्यांत शिरतें व तेलकट मळ सुटा होतो. विहिरीचें पाणी जड असल्यास त्यांतील चुन्याशीं साबणाचा संयोग होऊन पांढरा साका बनतो व साबण फुकट जातो. रिठ्याचा तसा साका होत नाहीं. शिवाय साबणाच्या क्षारानें रेशीम व लोंकर यांचे तंतु खराब होतात. पैठणी, सोवळें व शाल रिठ्याच्या पाण्यांत धुण्याची जुनी चाल आहे, तिचें मर्म हेंच.

सुमारें २० वाळलेले रिठे फोडून बिया काढाव्या. टरफलें १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावीं, सकाळीं मंद आंचेवर १५ ते २० मिनिटें उकळावीं आणि निवाल्यावर कुसकरून पाणी फडक्यानें गाळून घ्यावें. हें पाणी तीन-चार दिवसांत आंबतें, सबब लागेल तेवढेंच करावें. तें डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें. मुलांच्या हातीं देऊं नये. शेतांतल्या फार मळक्या कपड्यांस मात्र रिठा पुरा पडत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

राख.— लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तुपातेलाशीं त्याचा संयोग झाला म्हणजे भांड्यावरच किंचित् साबण तयार होतो, आणि राखेचे बारीक कण घासण्याचें काम करितात. राख चाळून घ्यावी, म्हणजे खड्यांचे ओरखडे पडत नाहींत. ॲल्युमिनियमचीं भांडीं राखेनें घासूं नयेत, कारण क्षार तो धातु खातो. कल्हईही घांसून जाते. चुलींत प्लॅस्टिक किंवा रंग दिलेलें लांकूड जाळलें असल्यास ती राख टाकून द्यावी.

चिंच.— तांब्यापितळेवरील काळपट-हिरवा थर चिंचेंतील आम्लांत विरघळतो. कोळांत चिमूटभर मीठ घालून तो भांड्यास चोळावा व भांडें लगेच धुवून कोरडें करावें. आम्लाचा अंश राहिल्यास भांडें पुन्हां डागाळतें. नळाच्या तोटीवर बसलेला चुन्याचा थर लिंबानें निघतो, तोही याच कारणानें.

राख व चिंच एकत्र करण्याचा मोह कित्येकांस होतो. मिश्रणांतून बुडबुडे निघतात, त्यामुळें काम जोरांत चाललें असें वाटतें. परंतु क्षार व आम्ल परस्परांस मारतात आणि दोहोंचाही जोर जातो. खाण्याचा सोडा व लिंबू यांचेंही तसेंच. प्रथम राखेनें तेलकटपणा काढावा, भांडें धुवावें, मग चिंच लावावी.

आतां दोन इशारे. पहिला असा कीं, या वस्तु मळ काढतात. रोगजंतूंच्या नाशासाठीं त्यांवर विसंबून राहूं नये. घरांत हगवणीचा रोगी असतां शौचकूपास ब्लीचिंग पावडरच वापरावी. पण तिच्यांत लिंबू, चिंच किंवा बाजारचें ॲसिड कदापि मिसळूं नये. त्यांतून क्लोरीन वायु सुटतो आणि कोंडलेल्या मोरींत तो प्राणावर बेततो. दुसरा असा कीं, सॅपोनिन माशांस विष आहे. रिठ्याचें उरलेलें पाणी शेततळ्यांत वा ओढ्यांत न सोडतां मोकळ्या जमिनीवर ओतावें.

वाचकांनीं एक महिना साबण-पावडरीचा खर्च निराळा लिहून पाहावा. तो आंकडा पाहिल्यावर येत्या पावसाळ्यांत बांधावर रिठ्याचें एक रोप लावावें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानेंच ठरवावें.