श्रीलंकेच्या झेंड्यावरचा सिंह नेमका कोणाचा?

भारत-श्रीलंका मॅच असली की तो झेंडा हमखास दिसतो. हातात तलवार घेतलेला पिवळा सिंह, चार कोपऱ्यांत चार पानं आणि बाजूला हिरवा-केशरी पट्टा. दिसायला एकदम राजेशाही. पण हे दोन पट्टे सिंहासोबत का नाहीत? ते वेगळ्या चौकटीत का? आणि सिंहाची तलवार त्यांच्याच दिशेने का रोखलेली आहे? गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत श्रीलंकेत यावर बरीच भांडणं झाली आहेत.

आधी झेंडा समजून घेऊ. सिंह म्हणजे बहुसंख्य सिंहली समाज. 'महावंस' या ग्रंथातल्या कथेनुसार सिंहलींचा मूळपुरुष विजय हा सिंहाचा नातू होता, सिंहल हे नावही त्यावरूनच. केशरी पट्टा तमिळांचा, हिरवा मुस्लिमांचा. कोपऱ्यांतली पानं आपल्या ओळखीची आहेत, पिंपळाची. बुद्धांना ज्या झाडाखाली ज्ञान मिळालं ते पिंपळाचं, म्हणून ही चार पानं म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. इथे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तर समभाव. सिंहाच्या शेपटीचे आठ केस म्हणजे अष्टांगिक मार्ग, असंही सांगितलं जातं.

आता हा सिंह आला कुठून? तर कॅन्डीच्या राजाच्या निशाणावरून. 2 मार्च 1815 रोजी कॅन्डीच्या सरदारांनी इंग्रजांशी करार केला आणि बेटावरचं शेवटचं स्वतंत्र राज्य संपलं. राजा श्री विक्रम राजसिंह याला कैद करून वेल्लोरला पाठवलं, तिथेच 1832 मध्ये त्याचा मृत्यू झाला. गंमत बघा, आज ज्याच्या निशाणाला सिंहली अभिमानाचं प्रतीक मानतात तो राजा स्वतः सिंहली नव्हताच. तो मदुराईहून आलेल्या नायक्कर घराण्यातला, दक्षिण भारतीय वंशाचा.

राज्यासोबत निशाणही गेलं. इंग्रजांनी ते लंडनला नेलं आणि पुढच्या पिढ्यांना ते नेमकं कसं होतं हेही आठवेना. शेवटी ई. डब्ल्यू. परेरा या वकील नेत्याला ते लंडनच्या चेल्सीमध्ये, निवृत्त सैनिकांसाठीच्या रॉयल हॉस्पिटलात सापडलं. 1915 मध्ये, म्हणजे राज्य गेल्याला बरोबर 100 वर्षं होत असताना, 'दिनमिण' या सिंहली वृत्तपत्राने त्याचं चित्र छापलं. लोकांनी ते उचलून धरलं.

स्वातंत्र्य जवळ आलं तसा प्रश्न पडला, देशाचा झेंडा कोणता? जानेवारी 1948 मध्ये कॅन्डीच्या राजाचं निशाणच घ्यावं, असा प्रस्ताव संसदेत आला. तो मांडणारे ए. सिन्नेलेब्बे हे बट्टिकलोआचे मुस्लिम खासदार होते. हे आज फार कोणाच्या लक्षात नसतं. तमिळ सदस्यांनी मात्र आक्षेप घेतला. एका समाजाचं चिन्ह सगळ्या देशाचं कसं होणार, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो रास्तच होता.

मग पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांनी समिती नेमली. अध्यक्ष एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके, सोबत जे. आर. जयवर्धने, टी. बी. जाया, जी. जी. पोन्नम्बलम, एस. नडेसन वगैरे मंडळी. बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला : सिंहाला हात लावायचा नाही, पिवळी चौकटही ठेवायची, फक्त बाजूला दोन पट्टे जोडायचे. नडेसन यांनी सही करायला नकार दिला. बाहेर चिकटवलेल्या पट्ट्यांमुळे हा झेंडा एकीऐवजी फुटीचंच चिन्ह ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते एकटे पडले. 2 मार्च 1951 रोजी संसदेने झेंडा मंजूर केला. तारीख ओळखीची वाटली ना? कॅन्डीच्या कराराचीच ती.

तेव्हा कोपऱ्यांत पिंपळपानं नव्हती, कळसासारखी टोकं होती. पानं आली 1972 मध्ये, सिलोनचं श्रीलंका झालं तेव्हा. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. म्हणजे सिंहाभोवतीची चौकट आणखी बौद्ध झाली आणि पट्टे होते तिथेच राहिले. पुढे 'लिट्टे'ने आपल्या झेंड्यावर वाघ घेतला. वाघ हे चोळ राजांचं चिन्ह. सिंहासमोर वाघ, याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

युद्ध 2009 मध्ये संपलं, झेंड्याचा वाद संपला नाही. 1 मे 2012 रोजी जाफन्यातल्या सभेत तमिळ नेते आर. संपंथन यांनी हा सिंहध्वज हातात घेऊन फडकवला आणि त्यांच्याच पक्षात गदारोळ उठला. 2015 मध्ये कोलंबोत उलटं घडलं. गोटाबाया राजपक्षे यांच्या चौकशीविरुद्धच्या निदर्शनांत काहींच्या हातात असे झेंडे दिसले, ज्यांवर फक्त सिंह होता. हिरवा आणि केशरी पट्टा गायब. त्यासाठी वेगळं डिझाइन करावं लागतच नाही, चौकटीपाशी कापलं की झालं. नडेसन यांना नेमकी हीच भीती होती.

तेच गोटाबाया 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. जुलै 2022 मध्ये लोक त्यांच्या निवासस्थानात घुसले, तेव्हा अनेकांनी खांद्यांवर राष्ट्रध्वज गुंडाळला होता. दोन्ही पट्ट्यांसकट.