धूर कुठे जातो?

डिसेंबरमधली सकाळ. आठच्या सुमारास चोविशीतल्या एका मुलीला तिच्या वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी चादरीत गुंडाळून अपघात विभागात आणले. केस ओले, शुद्ध हरपलेली. ‘आंघोळीला गेली होती. अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. हाका मारल्या, शेवटी कडी तोडली. खाली पडली होती, हातपाय झटकत होती,’ वडील सांगत होते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. रक्तातली साखर ठीक होती. आमचा निवासी डॉक्टर फिटचे इंजेक्शन भरत होता.

मी वडिलांना विचारले, ‘पाणी कशावर तापवता?’

‘गॅस गीझरवर.’

‘तो कुठे बसवलाय?’

‘बाथरूममध्येच.’

‘आणि खिडकी?’

‘थंडीचे दिवस, साहेब. बंदच असते.’

निदान झाले होते. पिशवी असलेला मास्क लावून पूर्ण क्षमतेने ऑक्सिजन सुरू केला आणि रक्ताचा नमुना तपासायला पाठवला. दोनेक तासांनी मुलीने डोळे उघडून आईला हाक मारली. तिसऱ्या दिवशी ती चालत घरी गेली.

हा प्रश्न मी हुशारीने विचारला नाही. तो मला एका चुकीने शिकवला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या जिल्ह्यात असताना, कॉलेजात जाणारा एक मुलगा असाच बाथरूममध्ये कोसळून आला होता. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो बोलू लागला होता. डोक्याचा स्कॅन चांगला, मेंदूचा आलेख चांगला. मी फिटच्या गोळ्या लिहून दिल्या, गाडी चालवू नकोस म्हणून बजावले आणि घरी पाठवले. तीन आठवड्यांनी त्याच घरातून, त्याच बाथरूममधून त्याच्या आईला आणले. त्या वाचल्या नाहीत. तेव्हा पहिल्यांदा मी विचारले, की पाणी कशावर तापवता. मुलाला फिटचा आजार नव्हताच. आजार बाथरूमच्या भिंतीवर टांगलेला होता.

वास येत नाही, कारण वास जळून जातो

‘पण डॉक्टर, गॅसचा वास तर अजिबात आला नव्हता,’ हे वाक्य अशा प्रत्येक नातेवाइकाकडून ऐकू येते. इथेच मोठा गैरसमज आहे. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. गॅस जळाला, की तो वासही जळून जातो. इथे गळती झालेलीच नसते. गॅस नीट पेटलेला असतो, पण त्याला पुरेशी हवा मिळालेली नसते.

भरपूर हवा मिळाली, की गॅस पूर्ण जळतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली, की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही.

बाथरूममध्ये हवा किती लवकर कमी पडते, याचा हिशेब करून पाहू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा घरगुती गीझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे त्याला पावणेदोन घनमीटरांच्या आसपास हवा हवी. चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंच अशा बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच घनमीटरांच्या आत असते. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर एका माणसाच्या आंघोळीत तिथल्या जवळपास एकतृतीयांश हवेतला प्राणवायू संपतो. पाठोपाठ दुसरा माणूस आंघोळीला गेला, तर त्याची सुरुवातच उरलेल्या हवेत होते. ज्योतीला प्राणवायू जितका कमी, तितका कार्बन मोनॉक्साइड जास्त. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूलाही हाच नियम लागू आहे.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरून ठेवते. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी १८५७च्या सुमारास दाखवून दिले. पुढे ब्रिटनमध्ये जॉन हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून लक्षणांच्या नोंदी केल्या. खाणीत उतरताना पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी सोबत न्यावेत, ही सूचनाही त्यांचीच. माणसाला त्रास होण्याआधी पक्षी कोसळत असे. आपल्या बाथरूममध्ये असा पक्षी नसतो.

लक्षणे आणि फसवणूक

सुरुवातीला डोके जड होते, गरगरते, मळमळते. थंडीत उपाशीपोटी गरम पाण्याने आंघोळ केली म्हणून असे झाले असेल, असे वाटते. मग पायांतली ताकद जाते. आपल्याला काहीतरी होते आहे हे कळत असते, पण कडीपर्यंत हात पोहोचत नाही. त्यानंतर शुद्ध हरपते. काहींना झटके येतात आणि ती फिट समजली जाते. वयस्कर माणसाच्या बाबतीत हृदयविकार किंवा पक्षाघात समजला जातो. भारतातल्या डॉक्टरांनी या साऱ्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे.

बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे दगा देतो. प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून रुग्ण बेशुद्ध असतानाही आकडा छान दिसतो. खरी मात्रा रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते.

साध्या हवेत राहिल्यास रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तासा-दीड तासात तेवढेच काम होते. म्हणून ‘आता बरं वाटतंय, घरीच झोपू दे’ असे म्हणू नये. काही रुग्ण बरे होऊन घरी जातात आणि काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी त्यांना विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यातला अडखळता तोल असा त्रास सुरू होतो. गरोदर स्त्री वरवर बरी दिसत असली, तरी पोटातल्या बाळाला जास्त इजा झालेली असू शकते. तिला तर रुग्णालयात आणायलाच हवे.

गीझर कुठे लावावा?

आपल्याकडे पूर्वी पाणी बंबावर तापायचे. बंब परसात, पडवीत किंवा धुराला वाट असलेल्या न्हाणीघरात असे. धूर डोळ्यांना झोंबायचा, म्हणून त्याची सोय करणे भागच पडे. गॅसचा धूर दिसत नाही, एवढ्यावरून धूर नाहीच असे आपण धरून चाललो. गॅस गीझर हाही बंबच आहे. जिथे काही जळते, तिथे दोन प्रश्न विचारायचे: हवा कुठून येते आणि धूर कुठे जातो?

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावणे आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणणे. सदनिकांमध्ये यासाठी ड्राय बाल्कनी सोयीची असते. मात्र पुढे हीच बाल्कनी सरकत्या काचा लावून बंद केली जाते, तिथे कपाट आणि वॉशिंग मशीन येते आणि ती दुसरी बाथरूम बनते. गीझर असलेली बाल्कनी बंद करायची नाही. गीझरच्या वर किंवा शेजारी बाथरूमची खिडकी वा झरोका नको, नाहीतर बाहेरचा धूर आत येतो. चारी बाजूंनी बंद असलेली इमारतीची डक्ट म्हणजेही मोकळी हवा नव्हे.

एक्झॉस्ट फॅन लावला की झाले, असे अनेकांना वाटते. दार घट्ट बंद असेल आणि खालून हवा आत यायला जागाच नसेल, तर पंखा काय ओढणार? तो बंद पडला किंवा लावायचा विसरला, तर तेवढाही आधार उरत नाही. बऱ्याच गीझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ते घड्याळ आहे, ते हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बाहेर जागा नसेल, तर विजेचा किंवा सौर बंब निवडावा. विजेच्या गीझरलाही अर्थिंग आणि देखभाल लागते, पण त्यातून हा वायू निघत नाही.

देखभाल

थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी तेलावर किंवा गॅसवर चालणारे बर्नर असतात. दरवर्षी तंत्रज्ञ येऊन बर्नर साफ करतो, हवा-इंधनाचे प्रमाण जुळवतो आणि धुराडे मोकळे आहे का ते पाहतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२पासून भाड्याच्या घरात असे इंधन जाळणारे उपकरण ज्या खोलीत बसवलेले असेल, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्यातून फक्त स्वयंपाकाचा गॅस वगळला आहे. ज्यांची मुले तिकडे राहतात, त्यांनी छताजवळचा तो छोटा पांढरा डबा पाहिलाही असेल. आपण मात्र गीझर बंद पडेपर्यंत त्याच्याकडे वळून पाहत नाही.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, प्रशिक्षित माणसाकडून गीझर उघडून साफ करून घ्या. बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळ्यांची जाळी साचतात, वरच्या पात्यांवर काजळी बसते आणि मग बाहेरची हवा भरपूर असूनही ज्वलन अर्धवट राहते. खिडकीतून ज्योत पाहण्याची सवय लावा. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी, फडफडणारी ज्योत किंवा कव्हरवर काळे डाग दिसले, तर त्याच दिवशी गीझर बंद करा. गॅसची नळी आयएसआय चिन्हाची असावी आणि तिच्यावरची मुदत पाहून बदलावी. अलार्म मिळत असेल तर जरूर लावा, पण वाफेच्या बाथरूममध्ये नव्हे, बाहेर. आणि अलार्म लावला म्हणून गीझर आत ठेवू नका.

हाच नियम बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीलाही लागू आहे. दारे-खिडक्या लावून, निखाऱ्यांची शेगडी ठेवून आई आणि बाळाला झोपवणे जिवावर बेतू शकते. निखाऱ्यांतून धूर दिसत नसला, तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो.

कुणी आत कोसळले तर

आधी दार उघडा किंवा तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि मग गॅस बंद करा. आत फार वेळ थांबू नका, वाचवायला गेलेलाही कोसळतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणी घालू नका. श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल, तर छातीवर दाब देणे सुरू करा. १०८वर फोन करा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘बाथरूममध्ये गॅस गीझर आहे.’ गर्दीच्या अपघात विभागात एखादा डॉक्टर तेव्हा माझ्यासारखा विचारायचा राहून जाऊ शकतो. त्याच गीझरखाली घरातले आणखी कुणी आंघोळ करून गेले असेल, तर त्यांनाही तपासायला आणा.

त्या मुलीचे वडील आठवड्याने कागद घ्यायला आले, तेव्हा गीझर बाल्कनीत हलवल्याचे सांगून गेले. प्लंबरला एक दुपार लागली होती. आज घरी गेल्यावर आपल्या गीझरसमोर मिनिटभर उभे राहा आणि धूर कुठे जातो ते शोधा. उत्तर सापडले नाही, तर उद्याची आंघोळ बादलीत पाणी तापवून करा आणि प्लंबरला बोलवा.