विज्ञान जमते ते कसे?

दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ हे पुस्तक उघडले की गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, रासायनिक समीकरणे, विद्युतधारा, उष्णता, भिंगे अशी प्रकरणे एकामागून एक येतात. या भागाला लेखी ४० गुण, भाग २ ला ४० आणि प्रात्यक्षिकांना २०, असा हा १०० गुणांचा विषय. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत हे पुस्तक हाती घेणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरात याआधी कोणी दहावीपर्यंत पोचलेले नसते. अडलेले उदाहरण विचारायचे कोणाला, हा प्रश्न असतो. दोनचारदा अडले की ‘सायन्स आपल्याला जमायचे नाही’ ही समजूत घर करून बसते. आज येत नसलेली गोष्ट नीट प्रयत्न केल्यास येऊ शकते, हा विश्वास म्हणजे यशाची मनोवृत्ती. तो भाषणांनी येत नाही, कमवावा लागतो. आणि कमावण्याची रीत शिकता येते.

विश्वासाचे चार आधार

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाची मीमांसा केली. त्यांच्या मते या विश्वासाचे चार आधार असतात: एखादे काम स्वतः तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते जमलेले पाहणे, भरवशाच्या माणसाचे शब्द आणि त्या वेळची मनाची व शरीराची अवस्था. यांत पहिला आधार सर्वांत बळकट. म्हणून अभ्यासाची सुरुवात आवाक्यातल्या छोट्या यशापासून करावी. अख्खे प्रकरण डोक्यावरून जात असेल, तर त्यातले एकच सोडवलेले उदाहरण घ्यावे, पुस्तक मिटून ते पुन्हा सोडवावे आणि मग त्यातले आकडे बदलून पाहावे.

आधी अर्थ, मग संज्ञा

इथल्या मुलांपुढचा पहिला अडसर बहुतेकदा भाषेचा असतो. घरात वारली बोली, गुजरातच्या सीमेलगत कानावर गुजराती आणि पुस्तकात ‘अपवर्तन’, ‘क्षपण’, ‘विस्थापन’. शब्द अडतो आणि शास्त्रच अवघड आहे असे वाटू लागते. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंचित घरांतील मुलांबरोबर काम करताना नेमक्या या अडचणीवर बोट ठेवले. पाठाची भाषा सोपी केल्यावर मुलांचे आकलन सुधारते, असे त्यांना आढळले.

वर्गात किंवा घरी याचा उपयोग सहज करता येतो. पाण्यात तिरकी धरलेली काठी पृष्ठभागापाशी मोडल्यासारखी दिसते. हे विद्यार्थ्याने आधी आपल्या बोलीत सांगावे, मग आकृती काढावी आणि शेवटी ‘अपवर्तन’ ही संज्ञा लिहावी. परीक्षेत संज्ञा लागतेच. पण अर्थ आधी कळलेला असला की ती घोकावी लागत नाही.

परिसरातले शास्त्र

ओळखीच्या वस्तूंपासून शिकवण्याची परंपरा या भागाला जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली आणि पाने, बिया, खडे, शिंपल्यांपासून शैक्षणिक साधने तयार केली. ते काम लहान मुलांसाठी असले, तरी तीच दृष्टी दहावीच्या विज्ञानालाही लागू पडते.

सुकलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचे तारपा हे वाद्य या मुलांनी लहानपणापासून ऐकलेले असते. नळीवरची छिद्रे बोटांनी बंद केली की कंप पावणाऱ्या हवेच्या स्तंभाची लांबी वाढते, वारंवारिता घटते आणि सूर खाली येतो. ध्वनीचा अभ्यास इथूनच सुरू करता येतो.

डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता ५०० मेगावॅट आहे. म्हणजे ते पूर्ण क्षमतेने चालले तर एका तासात ५ लाख युनिट वीज तयार होते. घरातला १० वॅटचा दिवा एक युनिट वापरायला १०० तास घेतो. वीजबिलातले युनिट आणि पुस्तकातला किलोवॅट-तास एकच आहे, हे उमगले की विद्युतशक्तीचे सूत्र परके राहत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून याच भागातील धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि अनेक कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. भूकंपाचे परिमाण एकाने वाढले तर मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढले तर सुमारे १००० पट. त्यामुळे दोन परिमाणाचे पाचपन्नास धक्के बसले तरी चार परिमाणाच्या एका धक्क्याएवढी ऊर्जा बाहेर पडत नाही. ज्या मुलांनी पायाखालची जमीन हललेली अनुभवली, त्यांना हे गणित अगदी जवळचे वाटते.

चुकीचा उपयोग

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचे समीकरण संतुलित करताना एक चूक हमखास होते. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच असल्याने विद्यार्थी पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली दोनचा आकडा लिहितो. अणूंचा हिशेब जुळतो, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बसते. शिक्षकाने नुसती लाल फुली मारली तर विद्यार्थ्याच्या मनात ‘जमत नाही’ एवढेच उरते. ‘सूत्र बदलले की पदार्थ बदलतो, रेणूंची संख्या मात्र बदलता येते’ एवढे सांगितले, तर तोच हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक आणि पाण्याचे दोन अशी मांडणी करतो. अशा चुका, त्यांची कारणे आणि दुरुस्ती यांसाठी वेगळी वही ठेवावी. परीक्षेआधी उजळणीला ती गाइडपेक्षा जास्त उपयोगी पडते.

कौतुक कशाचे करावे

मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या काही मुलांच्या हुशारीचे कौतुक केले, काहींच्या मेहनतीचे. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर हुशार म्हणवल्या गेलेल्या मुलांची चिकाटी कमी पडली; मेहनतीचे कौतुक झालेली टिकून राहिली. त्यामुळे पालकांना विज्ञान येत नसले तरी ‘आज काय अडले? मग कसे सोडवलेस?’ हे विचारणे त्यांच्या हातात असते. आश्रमशाळेत एकाच पाड्यावरचा वरच्या वर्गातला मुलगा किंवा मुलगी खालच्या वर्गाला शिकवू लागली, तर आपल्यासारख्याच कोणाला जमलेले पाहण्याचा बांडुरांचा दुसरा आधारही मिळतो.

आठवून पाहण्याचा अभ्यास

मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनी अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून एकदा वाचून पुस्तक मिटावे, आठवेल ते लिहावे, पडताळावे आणि काही दिवसांनी पुन्हा लिहून पाहावे. घड्याळ लावून सराव-प्रश्नपत्रिका सोडवल्या की परीक्षेची धडधड ओळखीची होते. पुरेशी झोप हाही तयारीचाच भाग आहे.

मनोवृत्तीची मर्यादा

मनोवृत्ती सर्व काही करू शकत नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, क्षमता प्रयत्नांनी वाढते हे समजावणाऱ्या, तासाभराहूनही कमी वेळाच्या उपक्रमाने मागे पडलेल्या मुलांचे गुण थोडेसेच वाढले. जिथे सोबत्यांमध्ये आव्हान स्वीकारण्याचे वातावरण होते, तिथे लाभ अधिक दिसला. विज्ञानाचा शिक्षक, हाताळायला मिळणारी प्रयोगशाळा आणि न लाजता प्रश्न विचारता येईल असा वर्ग यांची जागा जिद्द भरून काढू शकत नाही. डहाणू-तलासरीच्या मुलांकडून चिकाटीची अपेक्षा करताना या तीन गोष्टी त्यांना मिळवून देणे ही शाळेची, शासनाची आणि समाजाची जबाबदारी ठरते.