मानवी हक्कांचा आंतरविद्याशाखीय अभ्यास आणि मराठीचा वाटा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमाची जी नवी चौकट महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तिच्यात मुख्य विषयाच्या जोडीला ‘मायनर’ म्हणून दुसरा विषय घेण्याची तरतूद आहे. कोणत्याही एका विद्याशाखेत न मावणारा मानवी हक्क हा विषय या जागेसाठी सहज सुचतो. मात्र ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा तासिकांची वाटणी एवढाच होतो. जाहीरनामा राज्यशास्त्राकडे, १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा विधी विभागाकडे, वंचित घटक समाजशास्त्राकडे आणि उरलेल्या तासिका मराठीकडे. त्यांत दोन कविता व एका आत्मकथनातील उतारा. या व्यवस्थेत साहित्य केवळ उदाहरण पुरविते. मराठीच्या अभ्यासकाचे खरे काम याहून अगोदर, ‘हक्क’ या शब्दापाशीच सुरू होते.

हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. सत्य, न्याय्य, देय असा त्याचा मूळ अर्थपरिवार. वतनी कागदपत्रांत तो विपुल आढळतो. परंतु तेथे तो ‘माणसाचा’ नाही. तो पाटलाचा, कुलकर्ण्याचा, बलुतेदाराचा आहे. तो जन्माने मिळतो, वारशाने पुढे जातो, आणि शेजाऱ्यापाशी तो नसणे यातच त्याचे मोल असते. महारांना बेदरच्या बादशहाकडून बावन्न हक्क मिळाले, असे परंपरा सांगते. मृत जनावरावरील हक्क हा या व्यवस्थेचाच भाग होता. ज्याला हक्क म्हटले, तेच दास्याचे साधन ठरले! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागील पेच हाच होता. जुन्या अर्थाचे हक्क सोडल्याखेरीज नव्या अर्थाचा हक्क मागता येत नव्हता. (वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, त्यामुळे येथील ग्रामव्यवस्थेचा अभ्यास स्वतंत्रपणेच करावा लागेल.) पाठ्यपुस्तकात ‘हक्क’ हा इंग्रजी संज्ञेचा तयार प्रतिशब्द म्हणून येतो आणि हा सारा इतिहास पुसला जातो.

अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९२७ साली येथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या अग्रभागी होते. नोव्हेंबरमधील परिषदेचे अध्यक्षस्थान आंबेडकरांनी भूषविले होते. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर विलायतेत प्रबंध लिहिणाऱ्या पंजाबरावांनी मंदिराच्या दारातील प्रश्न हाती घ्यावा, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. देवस्थानात पूजेचे आणि मानाचे हक्क परंपरेने ठरलेले असतात. येथे मागितला गेलेला दर्शनाचा हक्क मात्र कोणत्याही मानाशी वा चाकरीशी बांधलेला नव्हता. पुढे संविधानातील अनुच्छेद १७ व २५ वाचताना विद्यार्थ्यासमोर हे दोन्ही अर्थ असले पाहिजेत.

१० डिसेंबर १९४८ चा वैश्विक जाहीरनामादेखील पाठचिकित्सेचा विषय होऊ शकतो. त्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ देणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द यावेत, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला व तो मान्य झाला. एका पाठभेदाने हक्काचा धनी बदलतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

खरी कसोटी लागते ती एकाच प्रश्नाकडे अनेक शास्त्रांनी एकत्र पाहण्याची वेळ येते तेव्हा. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी वर्षानुवर्षे ग्रामीण जीवनाचे व वऱ्हाडी बोलीचे उदाहरण म्हणून शिकविली गेली. कौतिकच्या झुंजीचे शोकात्म स्वरूप हा तिच्यावरील प्रश्नपत्रिकांचा ठरलेला विषय. परंतु कौतिकच्या नवऱ्याला, महादेवला, महारोग जडतो, ही घटना केवळ दैवाचा आघात म्हणून वाचली की त्यामागील सामाजिक व कायदेशीर वास्तव नजरेआड होते. ब्रिटिश अमदानीतील १८९८ च्या महारोगी कायद्याने निराधार रुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून आश्रयगृहात ठेवण्याची मुभा दिली होती. हा कायदा केंद्रीय कायद्यांच्या संग्रहातून निघाला तो २०१६ मध्ये. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ मध्ये रद्द झाल्या. याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभारून रुग्णाच्या हाताला काम दिले. वैद्यक रोगाचा संसर्ग समजावून देईल, विधिशास्त्र कायद्याचा हेतू तपासील, इतिहास तपोवनाची जागा दाखवील. परंतु रोग अंगावर उमटल्यापासून घरातील बोलणे कसे बदलते, हे कळण्यासाठी कादंबरीतील संवादांकडेच यावे लागते. तेथे बोली ही स्थानिक रंगत राहत नाही. ती साक्ष होते.

अकोल्याकडे वळले की असाच संगम खारपाणपट्ट्यात भेटतो. पूर्णा खोऱ्यातील या पट्ट्यात भूजल खारे आहे. १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून मिठाचा सत्याग्रह झाला. जे पाणी तेव्हा स्वातंत्र्याच्या मागणीचे साधन झाले, तेच आज पिण्याच्या पाण्याच्या हक्काचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानला. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी आणि मराठीचा विद्यार्थी येथे एकाच गावात जाऊ शकतात. एक पाण्याचा नमुना घेईल, दुसरा पाणी भरणाऱ्या बाईचे बोलणे टिपील.

हे टिपणे सोपे नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे इंग्रजीत, हिंदीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत तक्रार करता येते. मराठी त्या अनुसूचीत आहे. मेळघाटातील कोरकू नाही. त्यामुळे धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू मातेची तक्रार कागदावर येईपर्यंत ती मराठीची वा हिंदीची झालेली असते. बोलणाऱ्याचे ‘मी’ गळून ‘सदर महिला’ होते, क्रियापदे कर्मणी होतात आणि कोणी काय केले हा तपशील वाक्याच्या रचनेतच हरवतो. मूळ कथन व अर्जाचा मसुदा शेजारी ठेवून कोणता कर्ता कोठे नाहीसा झाला हे शोधणे, हा या मायनरमधील मराठीच्या तासिकेचा पहिला स्वाध्याय होऊ शकतो. त्यासाठी वर्गात कोरकू जाणणारा विद्यार्थी हवा, आणि त्या तासिकेपुरते शिक्षकाने त्याच्याकडून शिकले पाहिजे.