दैव की अंतर?

नवजात अर्भकाचा मृत्यू म्हणजे दैवगती, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. तेथील ३९ खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्यांनी घरोघर अर्भके तपासली, जंतुदोष दिसताच औषध टोचले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मुलूख तोच, दारिद्र्य तेच. तुटले ते केवळ उपचाराचे अंतर! गरजू रुग्णास सरकारी इस्पितळात वेळीच उपचार न मिळणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच ठरविले. तो हक्क शहराच्या वेशीशीच थांबतो काय? खेड्यातील बायकांनी आपले कर्तव्य बजावले; सरकारने व सुखवस्तू नागरिकांनी आता आपले बजावावे.