भाताचा रोग, हापूसचा मोहोर

रत्नागिरीजवळच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. परसात हापूसचं एक जुनं कलम आहे, ते वर्षाआड धरतं. शेजारच्या बागेत कल्टार घातलं होतं, तिथे मोहोर लवकर आला. आता पाऊस उघडला आहे, बेणणी चालू आहे, तर आपणही घालावं का? आणि शरदात बागेचं, घराचं, खाण्यापिण्याचं आणखी काय बघावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: या वर्षी नको, वेळ गेली. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते मातीतून मुळांवाटे झाडात चढतं, त्यासाठी माती ओली आणि मुळं कामात असावी लागतात. म्हणून ते भर पावसाळ्यात, साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलिलिटर या मापाने घालतात. आपल्या जांभ्या मातीतून पाणी भराभर निचरतं. आश्विनात ओतलेलं औषध बरंचसं मातीतच पडून राहतं आणि तिथे वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं.

पण ते झाडात नेमकं करतं काय? बागायतदारांच्या बोलण्यात कल्टार अनेकदा खत किंवा टॉनिक म्हणून येतं. ते दोन्ही नाही. त्याने झाडाला काहीच मिळत नाही, उलट झाडाचं एक संप्रेरक कमी पडतं. त्या संप्रेरकाचा शोध आंब्यात लागला नाही, भाताच्या एका रोगात लागला. ही गोष्ट मला इतकी आवडते की इथे जरा रेंगाळणार आहे.

जपानी शेतकऱ्यांना भाताचा एक विचित्र रोग फार पूर्वीपासून माहीत होता. लावणीतली काही रोपं एकाएकी इतरांच्या डोक्यावरून वर जायची, फिकट आणि बारीक व्हायची, आणि दाणा न धरता बहुतेक मरून जायची. हे एका बुरशीचं काम आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलं. पण बुरशी लागली की रोप खुरटायला हवं, ते वाढतं कसं? १९२६ मध्ये, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानात, एइची कुरोसावा या रोगतज्ज्ञाने हा गुंता सोडवला. त्याने ती बुरशी द्रवात वाढवली, मग तो द्रव बुरशीचा कणही उरणार नाही असा गाळून घेतला आणि निरोगी रोपांना दिला. रोपं तशीच लांबली. म्हणजे वाढवणारी बुरशी नव्हती, तिने सोडलेलं एक रसायन होतं. पुढे तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्याला जिबरेलिन हे नाव दिलं आणि १९३८ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले.

तरीही पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी या कामाकडे खरं लक्ष दिलं ते महायुद्ध संपल्यावर, १९५० च्या आसपास. त्यानंतर कळलं की जिबरेलिन ही बुरशीची खासियत नाही. प्रत्येक झाड ते स्वतःच तयार करतं आणि त्याच्या जोरावर उंच होतं. पाठ्यपुस्तकांत ऑक्सिनच्या शोधाला पानंच्या पानं मिळतात, डार्विनचं नावही येतं. कुरोसावाला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. सुबक प्रयोग म्हणजे काय हे मुलांना दाखवायचं असेल तर त्या गाळलेल्या द्रवाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

आंब्याच्या डोळ्यात जिबरेलिन भरपूर असेल तर तिथून पालवी फुटते. ते उतरलं, काडी पिकली, मातीतलं पाणी कमी झालं आणि रात्री गार झाल्या की त्याच डोळ्यातून मोहोर येतो. कल्टार जिबरेलिन बनण्याच्या साखळीतलं एक विकर अडवतं, म्हणून वाढ आवरते आणि फुलण्याची वाट मोकळी होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या गुंजाटे आणि बुरोंडकर यांनी हापूसवर याचे प्रयोग केले. त्यांचा निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाआड धरणारं झाड दरवर्षी आणि लवकर धरू शकतं, हे त्यातून दिसलं.

त्याच तैवानातून भाताचीही एक देणगी आली. तिथल्या डी-जिओ-वू-जेन या बुटक्या जातीतला गुण १९६६ च्या आयआर-८ मध्ये आला, आणि तैचुंग नेटिव्ह-१ मार्फत १९६८ च्या आपल्या जया वाणातही. कोकणातल्या कितीतरी मळ्यांनी ही जया पाहिली आहे. हे भात ठेंगणं का, तर त्यात जिबरेलिन पुरेसं बनत नाही. त्यामुळे दाण्याच्या भाराने ते लोळत नाही. कापणीच्या दिवसांत खाली मळ्यात उभं असलेलं भात आणि वर सड्यावरची कल्टार दिलेली बाग, दोन्हीकडे एकाच संप्रेरकाला लगाम घातलेला असतो. तैवानच्या भातशेतीपासून रत्नागिरीच्या कलमापर्यंतचा हा धागा दिसला की मला विलक्षण आनंद होतो.

पण या आनंदात परसातल्या झाडाचा बळी जायला नको. 'कल्टार घातलं की हमखास आंबा' ही जाहिरातबाजी आहे. जास्त मात्रेने फुटी आखडतात आणि मोहोराचे तुरे गुच्छासारखे दाटतात. खतपाणी न देता वर्षामागून वर्षं घातलं तर झाड दमतं, कारण दरवर्षी फळ पोसायचं तर तेवढं अन्नही हवं. मोठ्या बागेत, माप धरून, विद्यापीठाच्या शिफारशीने वापरणं वेगळं. घरच्या चार माणसांसाठी असलेल्या एका कलमाला एक वर्ष विश्रांती घेऊ द्यायला काय हरकत आहे?

त्या कलमासाठी आता करण्यासारखं बरंच आहे. बांडगूळ दिसलं तर फांदीसकट काढा. पक्षी त्याचं बी पसरवण्याआधी हे झालं पाहिजे. सुकलेल्या फांद्या छाटा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. बुंध्याशी भुसा दिसला तर खोडकिडा आहे असं समजा. नत्राचं खत आता नको आणि मोठ्या झाडाला पाणीही नको. परतीच्या पावसानंतर माती सुकण्याचा हा काळ झाडाला हवा असतो. रोज संध्याकाळी मायेने पाइप लावणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या झाडांना मोहोराऐवजी पालवी येते आणि कोवळ्या पालवीवर तुडतुडे तुटून पडतात. वर्ष-दोन वर्षांच्या कलमांचं मात्र उलटं. त्यांना पाणी हवं, सावली हवी, बुंध्याशी कापलेल्या गवताचं आच्छादन हवं.

घराचं म्हणाल तर पडवीपुढचं प्लास्टिक उतरतं, खळं चोपून सारवलं जातं, मांडव उभा राहतो. त्यातच एक काम जोडून घ्या. पावसाळाभर बाहेर राहिलेली पिंपं नुसती उपडी करू नका, आतून घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. करवंट्या आणि जुने टायर यांचंही तेच.

आहारात शरद म्हणजे पित्त, हे आपल्याकडे आजीपासून सगळे सांगतात. ऑक्टोबरच्या उकाड्याचं एक कारण स्वच्छ आहे. ढग गेले, ऊन थेट लागतं आणि जमीन अजून ओलीच असल्याने हवेत दमटपणा राहतो, म्हणून घाम येतो पण वाळत नाही. अशा दिवसांत पाण्याबरोबर मीठही जातं, तेव्हा मीठ घातलेलं कोकम सरबत अगदी योग्य. मात्र कोकमाच्या अर्काने वजन उतरतं या बाटल्यांवरच्या दाव्यांवर विश्वास ठेवू नका. कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाची १३५ जणांवर बारा आठवडे झालेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अर्क आणि नुसती साखरगोळी यांत फरक दिसला नाही.

चरकसंहितेत शरदाच्या पाण्याचं कौतुक आहे: दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निवलेलं, अगस्तीच्या उदयाने निर्मळ झालेलं. निरीक्षण उत्तम आहे. पावसाचा गाळ या दिवसांत खाली बसतो आणि विहिरीचा तळ दिसू लागतो. पण दिसायला नितळ पाण्यातही जंतू असतात, म्हणून ते उकळूनच प्यावं. त्याहून जास्त काळजी मळ्यातल्या पाण्याची घ्यावी. उंदरांच्या मुतातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या बारीकशा चिरेवाटे शरीरात शिरतात. भात कापायला उतरणाऱ्यांनी जखमा झाकाव्यात, जमलं तर गमबूट घालावेत. कापणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत सणक आणि डोळ्यांत लाली आली, तर मेडिकलमधून गोळी आणून घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगा की आपण मळ्यात उतरलो होतो.